चावी देण्याआधी हिशोब: ट्रक ड्रायव्हरने नोकरी रीतसर कशी सोडावी

राजीनाम्याचं पत्र दहा ओळींचं असतं आणि ते लिहायला अर्धा तास पुरतो. ड्रायव्हरचं नुकसान त्या पत्रात होत नाही. ते होतं शेवटच्या ट्रिपच्या हिशोबात, न लिहिलेल्या उचलीत, यार्डात नुसती चावी टाकून निघून जाण्यात आणि चार महिन्यांनी निघालेल्या ई-चलानात. कळंबोली, भिवंडी, चाकण, वाशी किंवा नागपूरची वाडी, कुठल्याही ट्रान्सपोर्ट नगरात वाद विचारून बघा. नोकरी सोडल्याचं भांडण क्वचित असतं, पैशाचं आणि सामानाचं नेहमी असतं. म्हणून या लेखात पत्रापेक्षा हिशोबावर आणि गाडी ताब्यात देण्यावर जास्त भर आहे.

पहिलं काम: लायसन्स

दुसरी नोकरी शोधायला लागण्याआधी स्वतःचं लायसन्स हातात घेऊन नीट वाचा. कार्डावर वैधतेच्या दोन तारखा असतात, एक नॉन-ट्रान्सपोर्टची आणि एक ट्रान्सपोर्टची. पुष्कळ जण पहिली लांबची तारीख बघून निर्धास्त राहतात. ट्रक चालवायला ट्रान्सपोर्टची तारीख लागते आणि ती 5 वर्षांची असते. धोकादायक माल, म्हणजे पेट्रोल-डिझेल, गॅस, केमिकल यांची नोंद असेल तर ती 3 वर्षांची असते आणि नूतनीकरणाआधी एक दिवसाचं उजळणी प्रशिक्षण करावं लागतं. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. मुदत संपून वर्ष उलटलं तर मात्र पुन्हा चाचणी द्यावी लागते. अर्ज परिवहनच्या सारथी पोर्टलवर होतो, सोबत डॉक्टरांचं फॉर्म 1-ए लागतं.

हे काम जुनी नोकरी चालू असतानाच उरका. नवी कंपनी लायसन्स ऑनलाइन तपासते आणि सहा महिन्यांत संपणारं लायसन्स दिसलं की बऱ्याच ठिकाणी "नवं करून या" म्हणतात. तेवढे दिवस घरी बसून काढावे लागतात.

मूळ लायसन्स मालकाच्या कपाटात ठेवलं असेल तर ते आत्ताच, राजीनाम्याचा विषय निघायच्या आत, मागून घ्या. "नूतनीकरणाला मूळ कार्ड लागतं" हे कारण खरंही आहे आणि पुरेसंही. डिजीलॉकरमधलं लायसन्स रस्त्यावर चालतं, तरी मूळ कार्ड दुसऱ्याच्या ताब्यात असणं म्हणजे तुमचा पाय त्याच्या दोरीत अडकलेला असणं. आधार, पॅन आणि सही केलेला कोरा चेक दिला असेल तर त्यांचंही तेच. कोरा चेक किंवा कोरा स्टॅम्पपेपर दिलेला असल्यास तारीख, चेक नंबर आणि कोणाला दिला हे लिहून ठेवा. हिशोब मिटताना तो परत मागायचा आहे.

शोधताना काय सांभाळावं

जुन्या मालकाची गाडी, फोन आणि डिझेल यांतलं काहीही शोधासाठी वापरू नका. नव्या ठिकाणी ट्रायल द्यायची तर सुट्टीच्या दिवशी आणि त्यांच्या गाडीवर द्या. भरलेली गाडी हायवेला लावून शेजारच्या यार्डात ट्रायल द्यायला जाणं हा फार वाईट प्रकार आहे. जीपीएसवर दीड तासाचा थांबा दिसतो, माल कोणाचा तरी असतो आणि त्या दीड तासात काही झालं तर जबाबदारी तुमचीच. यार्डात, चहाच्या टपरीवर, ड्रायव्हरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "मी सोडतोय" हे बोलू नका. मालकाला ते तुमच्या तोंडून कळायला हवं. मुनीमाकडून कळलं तर तुमच्या नावावर शेवटची चांगली ट्रिप पडणार नाही.

नोकरी लावून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्या एजंटापासून दूर राहा. पोलीस चारित्र्य पडताळणीचा दाखला मात्र आधीच ऑनलाइन काढून ठेवा, तो अनेक ठिकाणी मागतात आणि यायला दिवस लागतात.

नव्या ठिकाणी पगाराचा आकडा ऐकून होकार देण्याची घाई नको. विचारायचं ते हे: पगार बँकेत की रोख? भत्ता रोजचा की ट्रिपचा, आणि गाडी लोडिंगसाठी दोन दिवस उभी राहिली तर मिळतो का? वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, कोण देतं? क्लीनर आहे का? पीएफ आहे का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, डिझेलचा ॲव्हरेज किती धरलाय आणि कमी पडलं तर कोणाच्या पगारातून जातं?

शेवटच्या प्रश्नाचं गणित करून बघण्यासारखं आहे. समजा पुणे ते बंगळुरू जाऊन-येऊन साधारण 1,680 किलोमीटर. मालकाने लिटरला 4 किलोमीटर धरलं, म्हणजे 420 लिटर. गाडी जुनी आहे, खंबाटकीचा घाट आहे, माल पूर्ण पासिंगचा, म्हणजे गाडीला परवानगी असलेल्या पूर्ण वजनाचा आहे, प्रत्यक्षात 3.7 मिळाले. डिझेल लागलं 454 लिटर. तूट 34 लिटर. लिटरला 90 रुपये धरले तर एका ट्रिपला 3,060 रुपये तुमच्या अंगावर. महिन्यात अशा चार ट्रिपा झाल्या तर 12,240 रुपये. पगार दोन हजारांनी जास्त आहे म्हणून इथे गेलात तर दहा हजार गमावून बसाल. त्यामुळे त्याच मॉडेलच्या गाडीवर आधीपासून असलेल्या ड्रायव्हरला भेटा आणि भरलेल्या-रिकाम्या गाडीचा खरा ॲव्हरेज विचारा.

होकार दिल्यावर नेमणूकपत्र मागा. ते देत नसतील तर निदान पगार, भत्ता आणि रुजू होण्याची तारीख लिहिलेला व्हॉट्सॲप मेसेज घ्या. तो हातात येईपर्यंत जुन्या ठिकाणी एक शब्द काढायचा नाही.

उचल

बऱ्याच ड्रायव्हरांचा राजीनामा इथेच अडतो. लग्नाला, दवाखान्याला, मुलांच्या फीला घेतलेली उचल आणि ट्रिपचा ॲडव्हान्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुनीमाच्या वहीत पुष्कळदा त्या एकाच पानावर असतात आणि आकडा फुगतो. तुमची स्वतःची वही ठेवा: तारीख, रक्कम, रोख की खात्यात, पगारातून किती कापले. नसेल तर बँकेच्या स्टेटमेंटवरून आणि फोनच्या मेसेजवरून मागच्या वर्षाची वही आजच तयार करा.

उचल हे कर्ज आहे आणि ते फेडायचं असतं. पण उचल फिटेपर्यंत सोडून जाता येणार नाही, असं कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. कर्जाच्या बदल्यात माणसाला कामाला बांधून ठेवणं 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने बंद आहे. पैसे मागण्याचा मालकाचा हक्क राहतो, तुम्हाला अडकवण्याचा नाही. बाकी मोठी असेल तर हप्ते ठरवून कागदावर लिहा.

नवा मालक "तुझी तिकडची उचल मी भरतो" म्हणाला तर मनापासून सांगावंसं वाटतं, शक्यतो घेऊ नका. पहिल्या दिवशीच तुम्ही त्याचे देणेकरी होता आणि तिथून निघताना पुन्हा हाच प्रसंग येतो. तीन-चार महिने जुन्या ठिकाणी थांबून, जादा ट्रिपा मारून रक्कम निम्म्यावर आणणं कितीतरी बरं.

तारीख कशी निवडावी

नेमणूकपत्रात नोटीसचा काळ लिहिला असेल तो पाळा. काहीच लिहिलेलं नसेल तर 15 दिवस ते एक महिना ही सगळीकडे मान्य असलेली रीत आहे. शेवटचा दिवस असा धरा की गाडी रिकामी आणि तुमच्या यार्डात असेल. महिन्याचा पगार होऊन दोन-चार दिवस झाले की पत्र द्या, म्हणजे अडकण्याजोगी रक्कम कमीत कमी राहते.

दिवाळीच्या तोंडावर, ऊस किंवा कांद्याच्या हंगामात, किंवा मालकाची एखादी गाडी अपघातात अडकलेली असताना सोडणं टाळता आलं तर टाळा. यात कायदा काही नाही, पण याच धंद्यात पुढची वीस वर्षं काढायची आहेत आणि नवा मालक जुन्याला फोन करतोच.

आणि काहीही झालं तरी रस्त्यात गाडी सोडू नका. पगार थकलाय, शिव्या खाल्ल्यात, तरीही. भरलेली गाडी ढाब्यावर लावून गेलेल्या ड्रायव्हरवर विश्वासघाताची तक्रार होऊ शकते. मालाचं ई-वे बिल, म्हणजे जीएसटीखाली माल नेताना सोबत लागणारा ऑनलाइन कागद, साधारण दर 200 किलोमीटरला एक दिवस एवढंच टिकतं, त्यामुळे माल अडकला की त्याचा दंडही तुमच्या नावाने सांगितला जातो. न्याय्य बाजू तुमची असून तुम्हीच आरोपी होता.

सांगणं आणि पत्र

आधी तोंडी, समोरासमोर, एकट्यात. गाडी लोड होत असताना किंवा पार्टी समोर बसली असताना नको. फार बोलायचं नाही: "शेठ, मला दुसरीकडे काम मिळालंय, घराजवळ आहे. पुढच्या महिन्याच्या 5 तारखेपर्यंत मी आहे. तोवर ट्रिपा मारतो, नवीन माणसाला गाडी दाखवून देतो. हिशोब तेवढा करून द्या." तक्रारी, इतर ड्रायव्हरांची नावं, मुनीमाची गाऱ्हाणी या वेळी काढायची नाहीत. मालक पगार वाढवतो म्हणाला तर लगेच हो म्हणू नका. दोन दिवस मागा, आणि थांबायचं ठरलंच तर वाढ लेखी घ्या. नव्या ठिकाणी दिलेला शब्द मोडावा लागणार असेल तर त्यांनाही त्याच दिवशी कळवा.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पत्र द्यायचं:

*प्रति, मा. मालक / व्यवस्थापक, (कंपनीचं नाव व पत्ता)*
*दिनांक: ……*
*विषय: चालक पदाचा राजीनामा*

*महोदय,*
*मी (पूर्ण नाव) आपल्याकडे दि. …… पासून चालक म्हणून काम करत आहे. सध्या गाडी क्र. …… माझ्याकडे आहे. वैयक्तिक कारणामुळे मी राजीनामा देत असून दि. …… हा माझा कामाचा शेवटचा दिवस राहील. तोपर्यंत नेमून दिलेल्या ट्रिपा पूर्ण करून गाडी, कागदपत्रे व सामान यादीप्रमाणे ताब्यात देईन.*
*माझा राहिलेला पगार, भत्ता व ट्रिपचा हिशोब पूर्ण करून अनुभवाचा दाखला व येणे-बाकी नसल्याचा दाखला मिळावा, ही विनंती.*
*आपला, (सही, नाव, मोबाइल नंबर)*

कारण "वैयक्तिक" एवढंच पुरे. पत्राच्या दोन प्रती काढा आणि एकीवर तारीख, सही-शिक्क्यासह पोच घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. शिवाय पत्राचा फोटो मालकाच्या नंबरवर पाठवा. दोन निळ्या खुणा दिसल्या की स्क्रीनशॉट काढून ठेवा.

नोटीसचे दिवस

या दिवसांत गाडी नेहमीपेक्षा जपून चालवा. सुटण्याच्या घाईत झालेला एक आरसा किंवा मागचा बंपर महिन्याच्या पगाराएवढा वाद उभा करतो. ओव्हरलोड भरायला लावत असतील तर काटा पावतीचा (भरलेल्या गाडीच्या वजनाच्या पावतीचा) फोटो आणि कोणी भरायला सांगितलं तो मेसेज दोन्ही ठेवा. ओव्हरलोडचा दंड 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 असतो, तो तुमच्यावर ढकलला जाऊ नये. नवीन ट्रिपसाठी मोठा रोख ॲडव्हान्स घेऊ नका, लागेल तसा खात्यावर मागा.

गाडी ताब्यात देणं

यासाठी किमान दीड तास काढा आणि दिवसाउजेडी करा. समोर मालक, मुनीम किंवा नवा ड्रायव्हर हवा. एकट्याने केलेल्या यादीला कोणी मानत नाही.

आधी गाडीभोवती चालत व्हिडिओ घ्या, थांबून थांबून: पुढची काच, आरसे, दोन्ही बाजू, बॉडी, मागचे दिवे, नंबर प्लेट. मग डॅशबोर्ड चालू करून किलोमीटर, डिझेलची पातळी, डीईएफची (धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायच्या द्रवाची) पातळी आणि पेटलेला कुठलाही इशाऱ्याचा दिवा. बीएस-6 गाडीत डीईएफ संपलेलं असेल तर इंजिनाची ताकद कमी होते आणि दुसऱ्या दिवशी "गाडी बिघडवून गेला" असा फोन येतो.

टायर सगळ्यांत महत्त्वाचे. बारा टायरची गाडी असो की चौदा, प्रत्येक टायरवर कोरलेला नंबर लिहून घ्या, स्टेपनीसकट. टायर बदलल्याचा आरोप ड्रायव्हरवर सर्रास होतो आणि नंबर नसतील तर तो खोडता येत नाही. दोन्ही बॅटऱ्यांचे नंबरही तसेच. मग हलतं सामान: जॅक, टॉमी, व्हील पाना, ताडपत्र्या किती आणि फाटलेल्या किती, दोर, रॅचेट बेल्ट, साखळ्या, लाकडी ओंडके, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, त्रिकोणी रिफ्लेक्टर. जे आधीपासून नव्हतं तिथे "मिळालं नव्हतं" असं लिहा, जागा कोरी सोडू नका.

कागदांत आरसी, फिटनेस, विमा, परमिट, पीयूसी, टॅक्स. डिझेलचं फ्लीट कार्ड परत करताना त्यावरची शिल्लक लिहा आणि पिन लगेच बदलायला सांगा. तुमच्या पिनने उद्या कोणी डिझेल भरलं तर बोट तुमच्याकडे येईल. फास्टॅग किंवा जीपीएस ॲप तुमच्या मोबाइल नंबरला जोडलेलं असेल तर तोही बदलून घ्या.

यादीवर दोघांच्या सह्या, तारीख आणि वेळ. वेळ नक्की लिहा. त्या वेळेनंतरचं चलान तुमचं नाही, हे सांगायला तोच एक पुरावा असतो. त्याच बैठकीत ई-चलान पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून प्रलंबित चलानं बघा आणि कोणतं तुमच्या काळातलं, कोणतं पार्किंगचं किंवा कागद संपल्याचं, हे जागेवर ठरवा. विमा किंवा फिटनेस संपल्याचा दंड मालकाचा, वेग आणि सिग्नलचा तुमचा.

शेवटचा हिशोब

बिल्टी म्हणजे मालासोबतची ट्रान्सपोर्टची पावती. पोच न आलेल्या बिल्ट्यांवरून हिशोब लटकतो. मागच्या दोन महिन्यांतल्या प्रत्येक ट्रिपची सही-शिक्क्याची पोच ऑफिसात जमा झाली का, हे आधी तपासा. तुटफूट किंवा माल कमी असा शेरा असलेली बिल्टी असेल तर तिचा फोटो तुमच्याकडे हवा.

ट्रिपचा हिशोब असा मांडा: रोख ॲडव्हान्स 12,000. वाराई 2,400, काटा 300, पंक्चर 400, पार्किंग 350, सहा दिवसांचा भत्ता रोज 500 प्रमाणे 3,000. खर्च 6,450, हातात शिल्लक 5,550. ही शिल्लक परत केली की पगारातून वजा केली, हे त्या कागदावर लिहायचं. त्याखाली वेगळी ओळ: राहिलेला पगार. त्याखाली वेगळी ओळ: उचल बाकी. तीन गोष्टी तीन ओळींत ठेवल्या तर गोंधळ होत नाही.

नुकसानीपोटी कापत असतील तर कायद्याप्रमाणे आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आणि सगळ्या कपाती मिळून त्या काळातल्या वेतनाच्या निम्म्याहून जास्त होऊ शकत नाहीत. वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. तिच्याप्रमाणे राजीनाम्यानंतर राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं. प्रत्यक्षात पुढच्या पगाराच्या तारखेपर्यंत थांबायला सांगतात. थांबायचं असेल तर थांबा, पण रक्कम आणि तारीख लिहून घ्या. "पूर्ण रक्कम मिळाली" या कागदावर पैसे खात्यात आल्याशिवाय सही करू नका.

दिलेली तारीख उलटली तर आधी लेखी आठवण, त्यात रक्कम आणि सात दिवसांची मुदत. नंतर जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज. सोबत राजीनाम्याची पोच, गाडी ताब्यात दिल्याची यादी, बँक स्टेटमेंट, ट्रिपांचे मेसेज. वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, पण ताजा असताना कागद सापडतात.

पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस

पीएफ कापला जात असेल तर यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर घ्या आणि आधारला जोडलेला मोबाइल चालू ठेवा. नव्या ठिकाणी तोच यूएएन द्या, नवा काढू देऊ नका. जुन्या मालकाने सोडल्याची तारीख भरली नाही तर शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः सदस्य पोर्टलवर ती भरू शकता. मग शिल्लक काढण्यापेक्षा नव्या खात्यात वळवा. पाच वर्षं पुरी होण्याआधी काढलेल्या रकमेवर कर लागू शकतो, आणि पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. वर्ग केलेल्या खात्यात जुनी वर्षं धरली जातात.

एकाच ठिकाणी पाच वर्षं भरली असतील आणि तिथे दहा किंवा जास्त माणसं असतील तर ग्रॅच्युइटी मागा. शेवटचा हिशोबी पगार 18,000 आणि सेवा 6 वर्षं असेल तर 18,000 भागिले 26, गुणिले 15, गुणिले 6, म्हणजे सुमारे 62,300 रुपये. पाच वर्षांना दोन-तीन महिने कमी असतील तर तेवढं थांबणं परवडतं. बोनसचंही तसंच. वीस किंवा जास्त माणसांच्या ठिकाणी वर्षात 30 दिवस काम झालेलं असेल तर दिवाळीआधी सोडलं म्हणून त्या वर्षाचा बोनस बुडत नाही.

अपघाताची केस चालू असेल तर

नोकरी सुटते, केस सुटत नाही. जुन्या गाडीवर तुमच्या हातून झालेल्या अपघाताचा फौजदारी खटला किंवा मोटार अपघात दावा चालू असेल तर समन्स तुमच्या नावाने, कागदावरच्या जुन्या पत्त्यावर जातं. तारखेला हजर नाही म्हणून वॉरंट निघतं आणि ते नव्या नोकरीत, नाक्यावर किंवा लायसन्सच्या कामात समोर येतं. निघण्याआधी एफआयआर, त्या दिवसाची विमा पॉलिसी, तुमचं तेव्हाचं लायसन्स आणि जामिनाचे कागद यांच्या प्रती घ्या. जामीनदार मालकच असेल तर तो पुढेही राहणार का, हे स्पष्ट विचारा. नाही म्हणाला तर दुसरा जामीनदार उभा करायला वकिलाला सांगा. वकील कोण, फी कोण देणार, पुढची तारीख कोणती, हे मालकाकडून मेसेजवर घ्या आणि नवा पत्ता व फोन वकिलाला स्वतः द्या. नव्या मालकालाही रुजू होतानाच सांगा की अमुक न्यायालयात केस आहे आणि तारखेला एक दिवसाची सुट्टी लागेल.